षटकारांचा अंदाज आणि सट्टा

एखादा फलंदाज सामन्यात किमान एक षटकार मारील याची शक्यता आकडेवारीवरून काढण्याची रीत. तिचा नमुना अमेरिकी बेसबॉलमधला आहे. तिथे ‘होम रन’वरच्या, म्हणजे चेंडू मैदानाबाहेर टोलवण्यावरच्या, पैजा अशाच पारखतात. क्रिकेटला ती जशीच्या तशी लागू पडत नाही, हे नागपूरच्या जामठा मैदानावरील सामन्यांतून चांगले कळते.

बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या सुमारे ३ टक्के पाळ्यांत होम रन निघतो. मोठ्या फटकेबाजाचे प्रमाण ५ टक्के धरले आणि सामन्यात त्याला चार पाळ्या मिळाल्या, तर किमान एका होम रनची शक्यता साधारण १८.५ टक्के येते. याचा रास्त भाव १ रुपयाला ५.४० रुपये. बुकी ४.५० देत असेल तर त्याने भावात २२ टक्के शक्यता धरलेली असते, म्हणजे पैज तोट्याची. २०१५ पासून स्टॅटकास्ट यंत्रणा बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेग आणि कोनही मोजते. मैदानाचाही हिशेब होतो : डेन्व्हरचे कूर्स फील्ड सुमारे १,६०० मीटर उंचीवर असल्याने तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो.

खरा फरक पाळ्यांत आहे. बेसबॉलचा फलंदाज बाद झाला तरी पुन्हा खेळायला येतो. क्रिकेटमध्ये एका चुकीने डाव संपतो. समजा, एक फलंदाज दर १५ चेंडूंमागे एक षटकार मारतो आणि सरासरी २० चेंडू खेळतो. सरळ हिशेबाने षटकाराची शक्यता ७५ टक्के. पण तो निम्म्या वेळा ५ चेंडूंत बाद होत असेल आणि निम्म्या वेळा ३५ चेंडू टिकत असेल, तर सरासरी तीच राहूनही शक्यता ६० टक्क्यांवर उतरते. सट्टा लावणारे सरासरीच पाहतात आणि इथेच बुडतात.

मैदानाची आकडेवारीही तोकडी पडते. जामठ्यावर १५ मार्च २०१६ रोजी, टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या सामन्यात, न्यूझीलंडच्या मार्टिन गप्टिलने भारताच्या अश्विनच्या पहिल्याच चेंडूवर षटकार मारला आणि दुसऱ्यावर तो पायचीत झाला. त्या फिरकीच्या खेळपट्टीवर भारत ७९ धावांत गारद झाला. २३ सप्टेंबर २०२२ रोजी, ओल्या मैदानामुळे ८ षटकांवर आलेल्या सामन्यात, रोहित शर्माने ऑस्ट्रेलियाविरुद्ध २० चेंडूंत नाबाद ४६ धावा करताना चार षटकार मारले. मैदान तेच, खेळपट्टी आणि षटके वेगळी. दोन्हींची सरासरी काढून हाती काही लागत नाही.

नागपुरात सट्ट्याची भाषा लगवाडी-खायवाडीची, म्हणजे पैज लावण्याची आणि ती स्वीकारण्याची. भाव ठरवणारा आपला नफा आधीच राखून ठेवतो. शिवाय समोरचा व्यवहार खरा असेल याचीही हमी नसते. २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार दिली, तेव्हा ॲपमध्येच फेरफार असल्याचा आरोप झाला. अशा ठिकाणी कोणतेही गणित निरुपयोगी आहे.

कायद्याचे पाहायचे तर, घोड्यांच्या शर्यतीला सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कौशल्याचा खेळ मानले. क्रिकेटच्या सट्ट्याला मात्र महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७ लागू होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, देशभर निषिद्ध ठरवले.