नाटकशाळा, पिला हाउस, बार : नर्तकीच्या निवासाविषयी काही टिपणे

पेशवेकालीन कागदपत्रे वाचू लागलेल्या विद्यार्थ्यास 'नाटकशाळा' या शब्दापाशी एकदा तरी अडखळावे लागते. शब्दाची फोड सोपी आहे. नाटकाची शाळा ती नाटकशाळा, म्हणजे नाट्यगृह. परंतु ज्या वाक्यात हा शब्द येतो तेथे इमारतीचा काहीच संबंध नसतो. तेथे नाटकशाळा ही कोणा सरदाराच्या पदरी असलेली नाचगाणे करणारी स्त्री असते. शास्त्रकारांनी लक्षणेचे उदाहरण म्हणून 'मंचाः क्रोशन्ति' हे वाक्य दिले आहे. ओरडतात ती माणसे, पण म्हणावयाचे ते 'माच ओरडतात'. स्थानाचे नाव स्थानस्थाला लागते, तसाच हा प्रकार. माच ओरडले तरी माणसाचे माणूसपण मात्र त्या वाक्याने जात नाही. येथे वास्तूचे नाव जे एकदा बाईला चिकटले ते तिच्या हयातीत सुटले नाही.

हा एकच शब्द असता तर त्याची गणना भाषेतील एखाद्या लहरीत करून पुढे जाता आले असते. पण या व्यवसायाचा शब्दसंग्रह जमवू लागलो, तेव्हा त्यात वास्तुवाचक शब्दांचीच गर्दी दिसली. पुण्यातील कलावंतिणींच्या वस्तीचे नाव बावनखणी. घराच्या दोन तुळ्यांमधील जागा म्हणजे खण. बावन्न खणांची ती बावनखणी. सुताराच्या मापाचा हा शब्द, पण पुण्यात तो उच्चारताच ऐकणाऱ्याच्या मनात सुतारकाम येत नसे. माडी म्हणजे वरचा मजला; 'माडी चढणे' म्हणजे मात्र केवळ जिना चढणे नव्हे. हिंदीतील 'कोठा' संस्कृत 'कोष्ठ' शब्दातून आला. मराठीत त्याचा सख्खा भाऊ गुराढोरांच्या वा धान्याच्या उपयोगी पडतो, उत्तरेकडे त्यापासून 'कोठेवाली' झाली. उलटपक्षी ज्या स्त्रीचा मान राखावयाचा तिला आपण 'घरंदाज' म्हणतो. म्हणजे वास्तू दोघींच्याही नावात आहे. एकीला घर आहे, दुसरीला खण, माडी आणि कोठा आहे.

मुंबईतील उदाहरण तर याहून बोलके आहे. ग्रँट रोडच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात नाटकगृहे उभी राहिली. इंग्रजी 'प्लेहाउस'चे लोकांनी 'पिला हाउस' केले, आणि कालांतराने ते नाव नाटकांपेक्षा त्या भागातील देहविक्रयाच्या वस्तीमुळे अधिक गाजले. पुण्यातील 'नाटकशाळा' आणि मुंबईतील 'पिला हाउस' हे शब्दशः एकमेकांचे भाषांतर होय. एका भाषेला दुसरीची खबर नसताना दोन निरनिराळ्या शतकांत अर्थ एकाच उतारावरून घसरला, हे अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

या घसरणीचे कारण भाषेबाहेर शोधले पाहिजे, आणि ते निवासाच्या व्यवस्थेत सापडते. जुन्या व्यवस्थेत नर्तकीचे राहण्याचे ठिकाण आणि तिचे कामाचे ठिकाण ही दोन नव्हतीच. संगीत बारीचे थिएटर हे याचे चांगले उदाहरण. पुण्याचे आर्यभूषण, मुंबईत लालबागचे हनुमान थिएटर (हे पुढे बंद पडले), किंवा चौफुला, मोडनिंब, जामखेड येथील कलाकेंद्रे यांची रचना पाहावी. मध्ये रंगमंच, आणि त्याच आवारात पार्ट्यांच्या खोल्या. पार्टी म्हणजे एका मालकिणीच्या हाताखालचा नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायकांचा व वाजवणाऱ्यांचा संच. सायंकाळी प्रत्येक पार्टी आपापल्या पाळीने रंगमंचावर येते. 'बारी' म्हणजे पाळी, आणि तीच या प्रकाराच्या नावात आहे. नंतर खास बैठकी होतात. त्याच आवारात चूल असते आणि मुले निजतात. खोलीचे भाडे म्हणून वेगळा आकडा सहसा नसतो, थिएटरच्या मालकाच्या वाट्यात ते मिसळलेले असते. साहजिकच पार्टी निघाली की घरही जाते. येथील बायका आपल्या आश्रयदात्याला 'मालक' म्हणतात, थिएटरवाल्यालाही 'मालक' म्हणतात. 'घरमालक' हा स्वतंत्र शब्द त्यांना फारसा लागतच नाही.

मग घर कोठे? ते बहुधा गावी असते. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनात नाचणारीच्या कमाईवर तिच्या माहेरचे अख्खे कुटुंब कसे जगते ते आले आहे. बांधणारी एक आणि राहणारे दुसरेच, ही या समाजातील घराची जुनी रीत होय. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर बंदी आली आणि पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशासुधारणेसाठी समिती नेमली गेली. त्या सुधारणेचे सारे लक्ष वगातील व लावणीतील अश्लीलतेकडे होते. लावणी गाणारी रात्री कोठे निजते, हा प्रश्न त्या काळच्या सुधारकांना सुचला नाही. त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. रंगमंच आणि निवास एकाच भिंतीआड असल्यामुळे तो वेगळा प्रश्न म्हणून डोळ्यांपुढे येणे कठीणच होते.

शहरात मात्र तो त्याच सुमारास कायद्याच्या भाषेत उभा राहत होता. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूस मोठे संरक्षण दिले. केनेडी पुलाजवळ काँग्रेस हाउसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत असो, अथवा एखाद्या चाळीत असो, जिच्या नावावर भाडेपावती होती त्या गाणारणीला किंवा नाचणारीलाही ते संरक्षण इतरांइतकेच होते. तिच्या मृत्यूनंतर तो हक्क सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जाई. जेथे घराणे आईकडून मुलीकडे आणि मावशीकडून भाचीकडे चालते तेथे या तरतुदीचे मोल किती, हे सांगावयास नको. मात्र त्याच कायद्याच्या १३ व्या कलमात जागेचा 'अनैतिक वा बेकायदेशीर' कामासाठी उपयोग केल्याबद्दल शिक्षा झालेल्या भाडेकरूस बाहेर काढण्याची मुभा होती, आणि शेजाऱ्यांना उपद्रव देणे हेही निष्कासनाचे कारण होते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या १६ व्या कलमात ही दोन्ही कारणे कायम आहेत. 'अनैतिक' या शब्दापुढे निदान न्यायालयाच्या शिक्षेची अट आहे, 'उपद्रव' या शब्दापुढे ती नाही. घुंगरांचा आवाज उपद्रव ठरतो काय, हे शेजाऱ्याच्या कानावर अवलंबून राहते.

घरमालकाच्या मनातील खरी भीती दुसऱ्याच कायद्याने घातली. स्त्रिया व मुली यांच्या अनैतिक व्यापारास प्रतिबंध करणारा १९५६ चा कायदा नर्तकीविषयी नाही. नृत्य करणे हा त्यात गुन्हा नाही. परंतु आपली जागा कुंटणखान्यासाठी वापरली जाते हे ठाऊक असून ती देणारा मालक त्याच्या तिसऱ्या कलमाने दंडनीय ठरतो. शिवाय कुंटणखान्याच्या व्याख्येत दोन वा अधिक वेश्यांनी परस्परांच्या लाभासाठी वापरलेली खोलीही येते. कायदा वेश्या आणि नर्तकी यांत भेद करतो, घरमालक करीत नाही. दोन नर्तकींनी भाडे निम्मे निम्मे वाटून घेण्यासाठी एकत्र राहावयाचे ठरविले, की अन्य कोणत्याही व्यवसायात जी काटकसर म्हणून वाखाणली गेली असती तीच येथे संशयाची जागा होते.

यापुढचा टप्पा डान्स बारचा. १९८० नंतर मुंबई, ठाणे व रायगड या जिल्ह्यांत हे बार वाढत गेले. तेथे नाचणाऱ्या स्त्रियांत बेडिया, नट, कंजर, डेरेदार अशा पिढीजात नाचगाणे करणाऱ्या समाजांतील कित्येक जणी होत्या, तशाच ज्यांच्या घराण्यात कधी कोणी नाचले नव्हते अशाही होत्या. यांच्या बाबतीत जे घडले ते पूर्वी क्वचितच घडले असावे. कामाचे ठिकाण आणि राहण्याचे ठिकाण यांची फारकत झाली. बार एकीकडे आणि मीरा रोडसारख्या दूरच्या उपनगरातील एका खोलीचे बिऱ्हाड दुसरीकडे. सोनिया फलेरो यांच्या 'ब्युटिफुल थिंग' (२०१०) या पुस्तकाची नायिका अशीच मीरा रोडला राहते. नर्तकी प्रथमच मोठ्या संख्येने चारचौघांसारखी भाडेकरू झाली. पहाटे कामावरून परतून कुलूप उघडावे आणि दार लावून घ्यावे, इतके खासगीपण तिला मिळाले.

पण ती भाडेकरू झाली ती वेळ वाईट होती. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवान्यावर जागा वापरीत होते त्यांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला. त्याचा धसका मालकांनी असा घेतला की त्यानंतर खरी भाडेपट्टी नव्या माणसाच्या वाट्यास फारशी आलीच नाही. आला तो अकरा महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स'. १९९९ च्या अधिनियमाच्या २४ व्या कलमाप्रमाणे मुदत संपताच जागा सोडावी लागते, न सोडल्यास दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. अर्थात दर अकरा महिन्यांनी अनामत रक्कम, दलाली, नवा करार, आणि नव्या मालकापुढे पुन्हा एकदा 'आपण काय करता?' या प्रश्नाचे उत्तर. केनेडी पुलाजवळच्या पावतीवाल्या गाणारणीला हा प्रश्न आयुष्यात एकदा पडला असेल, बारमधील नर्तकीला तो वर्षातून एकदा पडतो. त्यात भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी, असे आदेश मुंबईत वेळोवेळी निघत गेले. 

करार लेखी व नोंदणीकृत असावा, ही जबाबदारी ५५ व्या कलमाने मालकावर टाकली आहे. तसा नसेल तर विरुद्ध पुरावा येईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या मानाव्यात, असेही ते कलम म्हणते. कागदावर ही तरतूद दुर्बलाच्या बाजूची आहे. पण तिचा लाभ घेण्यासाठी न्यायालयात जाऊन नाव, गाव आणि व्यवसाय सांगावा लागतो.

२००५ साली तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने मुंबई पोलीस कायद्यात ३३-अ व ३३-ब ही कलमे आली आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बारमधील नृत्य बंद झाले. तारांकित हॉटेलांना मात्र सूट होती. बंदीमुळे पाऊण लाख स्त्रियांचे काम जाईल, असा आकडा त्या वादात वारंवार मांडला गेला. उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी ती कलमे रद्द ठरविली, सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निर्णय कायम केला. शासनाने २०१४ मध्ये बंदी पुन्हा आणली, २०१६ मध्ये नवा अधिनियम केला, आणि त्यातील अनेक जाचक अटी १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढल्या. समतेचा आणि व्यवसायस्वातंत्र्याचा हा झगडा बारच्या दारापर्यंतचा होता. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदात देशात कोठेही राहण्याचे स्वातंत्र्य व्यवसायस्वातंत्र्याच्या शेजारीच लिहिलेले आहे, परंतु ते शासनाविरुद्ध मागावयाचे; खासगी घरमालक व्यवसायाकडे बोट दाखवून 'नाही' म्हणाला तर त्याला अडविणारी तरतूद आपल्या भाडे कायद्यात नाही. बारबंदीच्याच वर्षी, एप्रिल २००५ मध्ये, झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संस्थेला आपले सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवता येते असा निर्वाळा दिला. हे दोन निवाडे एकत्र वाचले जात नाहीत. वाचले जावेत असे मला वाटते.

'बारबाला' हा शब्दही याच काळात वृत्तपत्रांनी रूढ केला. 'बाला' हे संस्कृत पद त्याला जोडून काहीशी सभ्यता आणण्याचा प्रयत्न दिसतो, पण शब्दाचा पहिला अर्धा भाग पुन्हा वास्तूचाच आहे. नर्तकी बारबाहेर राहावयास गेली, भाषेने तिला बारमध्येच ठेवले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी राहतो त्या गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापक समितीवर काही वर्षे होतो. एका सभासदाने आपली सदनिका एका तरुण स्त्रीस आणि तिच्या आईस देण्याविषयीची कागदपत्रे समितीपुढे ठेवली. ती बारमध्ये नाचते, असे कोणी तरी सांगितले. कोणी तपास केला नाही, आणि वादही झाला नाही. 'जिन्यात लहान मुले असतात' एवढेच वाक्य बोलले गेले आणि सगळ्यांचे हात वर झाले, त्यांत माझाही होता. नाटकशाळा शब्दावरचे माझे टिपण त्या वेळी घरी टेबलावर अर्धे लिहून पडले होते.

पुढे या लेखाच्या निमित्ताने मी ते अर्ज पुन्हा काढून पाहिले. नमुन्यात नाव, वय, मूळ गाव आणि व्यवसाय असे रकाने आहेत. त्या मुलीच्या अर्जात व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' असे लिहिले होते. अक्षर तिचे, आईचे की दलालाचे, ते कळण्यास मार्ग नाही. पण शब्द आधी दुसराच काही लिहून, तो खोडून, त्याच्यावर लिहिलेला आहे.