शोक आणि आशा : पंडिता रमाबाई

१/७
ख्रिस्ती श्रद्धेतील आशा मृत्यूचे दुःख पुसून टाकते, असा समज आढळतो. संत पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिलेल्या पत्राचा आशय मात्र निराळा आहे. शोक करावा, पण तो आशाहीनांसारखा नसावा. पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) आयुष्य हा भेद स्पष्ट करते.

२/७
१८७० च्या दशकातील दुष्काळात तीर्थाटन करणाऱ्या डोंगरे कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. वडील अनंतशास्त्री, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. आईच्या तिरडीला खांदेकरी अपुरे पडले. चौथ्या खांदेकरी रमाबाई झाल्या. उंची कमी असल्याने त्यांनी तो भार डोक्यावर वाहिला.

३/७
१८८० मध्ये भाऊ श्रीनिवास आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तले. पदरी तान्ही मनोरमा उरली.

४/७
१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींचे फुलहॅम येथील कार्य त्यांनी पाहिले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रिया तेथे नव्याने उभ्या राहत होत्या. या दर्शनाने त्यांचे मन ख्रिस्ताकडे ओढले गेले. आशेचा प्रत्यय त्यांना प्रथम जिवंत माणसांत आला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

५/७
१८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भुकेने आप्तांचा घास घेतलेला पाहिलेल्या रमाबाई तेथे गेल्या आणि निराधार मुली व विधवांना घेऊन आल्या. केडगावचे ‘मुक्ती’ असे उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथील आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात होती.

६/७
२४ जुलै १९२१ रोजी मिरज येथे मनोरमाबाईंचे निधन झाले. त्याच या कार्याच्या वारस मानल्या जात. साठी उलटलेल्या आईच्या हाती त्या वेळी मोठे काम होते : हिब्रू व ग्रीकवरून, अल्पशिक्षित स्त्रियांनाही समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर. त्याचे खिळे ‘मुक्ती’तील स्त्रियाच जुळवत. रमाबाईंनी ते काम सोडले नाही.

७/७
५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल त्यानंतर प्रसिद्ध झाले. पुनरुत्थानावरील विश्वासाने रमाबाईंचे एकही वियोगदुःख टळले नाही. त्या विश्वासाच्या बळावर त्या दुसऱ्यांच्या दुःखाकडे वळू शकल्या.