ओट्यावरचा पांढरा डाग निघत का नाही? कडप्पा, ग्रॅनाइट आणि बोअरचं पाणी

लातूर-नांदेडकडच्या स्वयंपाकघरात बोअरचं पाणी आणि काळा ओटा ही जोडी नेहमीचीच. त्या ओट्यावर नळाजवळ पांढरट डाग पडतात आणि ते घालवायला बहुतेक जण लिंबू किंवा व्हिनेगर वापरतात. या उपायाने काही ओटे स्वच्छ होतात, तर काही कायमचे खराब होतात. असं का?

आधी दगड ओळखा

कडप्पा, शहाबादी आणि संगमरवर यांत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतं. कडप्पा आंध्र प्रदेशातून येतो, तर शहाबादी शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून. लिंबू, चिंच, दही किंवा व्हिनेगर यांतलं आम्ल या दगडांचा वरचा थर विरघळवतं.

ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही कठीण खनिजं असतात. घरातल्या सौम्य आम्लाचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही.

ओळखायचं कसं? सहज दिसणार नाही अशा कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका आणि पाच मिनिटांनी पुसा. तिथली चमक गेली, तर दगड आम्लाला दाद देणारा आहे.

डाग की झीज?

बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी वाळतं, क्षार मागे राहतात. या थरावर नख फिरवलं की खरखर लागते. आम्लाने झालेली झीज मात्र सपाट आणि निस्तेज दिसते. तो डाग नसतोच, तिथला दगडच खाल्लेला असतो. त्यामुळे घासून काही होत नाही, पॉलिश करावं लागतं. खोबरेल तेल लावलं तर ती तात्पुरती लपते, एवढंच.

काय करावं?

- ग्रॅनाइटवर क्षार: पाणी मिसळलेलं व्हिनेगर दोन मिनिटं ठेवा, मग साध्या पाण्याने पुसा.
- कडप्प्यावर क्षार: आम्ल नको. साबणाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवून थर मऊ करा आणि जुन्या प्लास्टिक कार्डाने हलकेच खरवडा.
- तेलाचा डाग: खाण्याच्या सोड्याचा घट्ट लेप लावून रात्रभर प्लास्टिकने झाका. लेप वाळताना तेल शोषून घेतो.
- हळद: तिचा रंग पाण्यापेक्षा तेलात जास्त विरघळतो, म्हणून आधी भांड्यांच्या साबणाने तेलकटपणा काढा. साबण लागल्यावर डाग लालसर झाला तर घाबरू नका, अल्कलीत हळद लाल होतेच. ऊन येत असेल तर उरलेला रंग हळूहळू फिका पडतो.
- स्टील: ब्लीच टाळा, त्याने बारीक खड्डे पडून गंज धरतो.

हे कधीच करू नका

टॉयलेट क्लीनरमधलं तीव्र आम्ल ओट्यावर वापरू नका. ते ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो.

कमी पाण्यात काळजी

2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरला पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. ओट्यासाठी बादलीभर पाणी लागतही नाही. ओलं फडकं फिरवा आणि लगेच कोरड्याने पुसा. ओट्यावर पाणी वाळलंच नाही, तर क्षाराचा थर बसणारच नाही.

ग्रॅनाइटवर पाण्याचा थेंब दहा मिनिटं ठेवून पाहा. खालचा दगड गडद झाला तर तो पाणी पितोय. अशा ओट्याला दगडाचं सीलर लावून घ्या, म्हणजे तेल-हळद आत मुरणार नाही.