तराजू छापाचा पैसा

ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबई इलाख्यातील तांब्याचे नाणे. १७९१ मध्ये ते प्रथम पाडले गेले, पण मुंबईत नव्हे. इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत. तिथे मॅथ्यू बोल्टनने वाफेच्या जोरावर नाणी पाडणारी यंत्रे उभारली होती. ही नाणी जहाजातून मुंबईस आली.  दोन पैसे, दीड पैसा, एक पैसा आणि अर्धा पैसा असे त्यांचे चार प्रकार होते; एक पैशाचे वजन सुमारे ६.५ ग्रॅम भरे.

एका बाजूस कंपनीची वखारीची खूण आहे, मालाच्या गठ्ठ्यांवर मारत तीच : बदामी आकृतीचे चार भाग, त्यांत व्ही, ई, आय, सी ही रोमन अक्षरे आणि माथ्यावर इंग्रजी चारचा आकडा. दुसऱ्या बाजूस तराजू, आणि दोन पारड्यांच्या मध्ये फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय. राजाचे चित्र नाही, मोगल बादशहाचे नावही नाही. याच काळात कंपनी मुंबईचा चांदीचा रुपया बादशहा शाह आलमच्या नावाने पाडत होती. रुपयावर जे धाडस तिने केले नाही, ते गोरगरिबांच्या हाती खेळणाऱ्या तांब्यावर केले. या नाण्याचे खरे महत्त्व इथे आहे.

१७९४ मध्ये हाच छाप पुन्हा निघाला. १८०४ च्या सोहो नाण्यांवर गठ्ठ्याच्या खुणेची जागा कंपनीच्या राजचिन्हाने घेतली, तराजू राहिला. मुंबईच्या टांकसाळीत मात्र एकोणिसाव्या शतकाची पहिली तीन दशके हातोड्यानेच तराजूचे पैसे पाडले जात. ठसा चकतीहून मोठा असल्याने कुणावर एकच पारडे उतरे, कुणावर नुसती दांडी. सोहोच्या गुळगुळीत, एकसारख्या पैशाशेजारी असा ओबडधोबड पैसा ठेवला, की यंत्राने काय बदलले ते डोळ्यांना दिसते. तराजूचा पैसा आला तरी देशावरच्या बाजारात शिवराई, म्हणजे मराठ्यांचा तांब्याचा पैसा, पुढेही बराच काळ चालत राहिली.

मुंबईची नवी टांकसाळ १८२९ मध्ये पुरी झाली. तिथल्या यंत्रांवर १८३० ते १८३३ या सालांचे पाव आणे निघाले. त्यांवर तराजू, ‘अदल’ आणि हिजरी सन आहे. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एकच चलन आले आणि तराजूचा छाप बंद झाला.