चिल्लई कलानचे चाळीस दिवस

काश्मीर खोऱ्यातल्या कडक हिवाळ्याला एका नावाने भागत नाही. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’, म्हणजे थोरला. त्यानंतर वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’, म्हणजे धाकटा. आणि शेवटचे दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’, म्हणजे शेंडेफळ! फारसीत ‘चिहिल’ म्हणजे चाळीस. सूफी साधक चाळीस दिवस दार लावून एकांतात बसत, त्या साधनेलाही ‘चिल्ला’च म्हणतात. बाहेर हिमवादळ घोंघावत असताना घरात बसून राहण्याला याहून चपखल नाव मला तरी सुचत नाही.

पण हे घरात बसणे काश्मिरी माणसाला सहजासहजी मिळालेले नाही. ‘नीलमत पुराणा’त त्याची मोठी गमतीदार कथा आहे. पूर्वी म्हणे माणसांना या खोऱ्यात सहाच महिने राहण्याची मुभा होती. आश्विनात पिके घरात आली की सगळ्यांनी चंबूगबाळे आवरून बाहेर पडायचे, आणि बर्फाचे सहा महिने खोरे पिशाचांच्या हवाली करायचे. चैत्रात परत यायचे. एका वर्षी चंद्रदेव नावाचा म्हातारा ब्राह्मण मागेच राहिला. थंडीने आणि पिशाचांनी गांजलेला तो नागांचा राजा नील याच्यापुढे जाऊन पडला, आणि माणसांना बारा महिने इथे राहू दे, असा वर त्याने मागितला. नीलाने वर दिला, पण अटीवर. मी सांगतो ते सण आणि विधी पाळायचे!

त्या सणांत पहिल्या बर्फाचाही एक सण आहे. जाड लोकरी कपडे घालून बर्फावर बसायचे, गोडधोड खायचे, नवी मदिरा प्यायची, गाणे-बजावणे करायचे. ज्याची भीती वाटते त्याच्यावरच बैठक मारून जेवायचे, ही कल्पना मला फार आवडते.

कल्हणाने बाराव्या शतकात ‘राजतरंगिणी’ लिहिली, तेव्हा ही कथा त्याच्यापुढे होती. तो सांगतो की, एका काळी हे विधी बंद पडले, नाग रागावले आणि दरवर्षी अतोनात बर्फ पडू लागले. तेव्हा राजा थंडीचे सहा महिने दक्षिणेकडच्या दार्वाभिसार प्रदेशात जाऊन राहू लागला. अलीकडच्या इतिहासातही हेच दिसते. १८७२ पासून डोगरा महाराजांचा दरबार हिवाळ्यात दफ्तरासह जम्मूला उतरू लागला. राजाला उतरता येते. रयतेने काय करायचे? तिने कांगडी पेटवली.

कांगडी म्हणजे वेताच्या विणीत बसवलेले मातीचे कुंड. त्यात कोळसा आणि राख. चिनारची पाने शरदात जाळून केलेला कोळसा तासन् तास धुमसत राहतो. घोट्यापर्यंत लोंबणाऱ्या सैल फेरनच्या आत ही शेगडी घेऊन माणसे घरात बसतात, बाजारातही फिरतात. काही इंग्रज लेखकांनी तर्क केला की, मोगल बादशहांबरोबर आलेल्या इटालियनांनी ती काश्मीरला शिकवली. मला हा तर्क पटत नाही. ज्या देशात शतकानुशतके बर्फ पडते, तिथली माणसे पोटाशी विस्तव धरायला इटालियनांची वाट पाहत बसली असतील काय? पण ही ऊब फुकट मिळत नव्हती. डॉ. विल्यम एल्मस्ली या मिशनरी डॉक्टराने १८६६ मध्येच लिहून ठेवले, की पोटावर आणि मांडीवर कांगडीचा चटका वर्षानुवर्षे बसून तिथल्या कातडीला कर्करोग होतो. वैद्यकाच्या पुस्तकांत तो ‘कांगडी कॅन्सर’ म्हणूनच नोंदला गेला.

दुसरा प्रश्न पोटाचा. बनिहालची खिंड बर्फाने बंद झाली की खोऱ्याचा जम्मूशी संबंध तुटे. १९५६ च्या डिसेंबरात जवाहर बोगदा खुला झाला, त्यानंतरही वादळात रस्ता बंद पडणे चुकले नाही. म्हणून उन्हाळ्यातच दुधी, वांगी, टोमॅटो, सलगम कापून, माळा करून उन्हात वाळवतात. मासेही सुकवतात. या सुक्या जिनसांना ‘होख स्युन’ म्हणतात. आपल्या कोकणात पावसाळ्याआधी आगोटीची बेगमी करतात ना, सुकट, सांडगे, लाकूडफाटा भरून ठेवतात, तीच ही रीत. फक्त इथे आभाळातून येणारे पाणी गोठलेले असते.

एका जानेवारीत श्रीनगरच्या जुन्या वस्तीत एका घरी मी वादळाचा अख्खा दिवस काढला. वीज पहाटेच गेली होती. खिडक्यांना आतून प्लॅस्टिक लावलेले. घरची आजी पितळी कालथ्याने कांगडीतली राख हलवी, निखारा वर आणी आणि ज्याची कांगडी मंदावली त्याची पुढ्यात ओढून घेई. समोवारमधला गुलाबी, खारा चहा दिवसभर चालूच. मधूनच धप्प असा आवाज येई. छपरावरचे बर्फ घसरून अंगणात पडत होते. दुपारी घरातले दोघे तरुण फावडी घेऊन वर चढले, कारण बर्फाचे ओझे वाढले तर जुने छप्पर बसते. इतर वेळी कोणालाच काही घाई नव्हती. वाळवलेल्या वांग्यांची भाजी शिजायला लागली तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले, की संध्याकाळ झाली.

नीलमताच्या कथेतला चैत्र मात्र सगळ्यांच्या वाट्याला आला नाही. जानेवारी १९९० मध्ये, ऐन चिल्लई कलानात, हत्या आणि धमक्यांच्या सावटाखाली काश्मिरी पंडितांची कुटुंबे खोरे सोडू लागली. पुष्कळांनी दाराला कुलूप लावून किल्ली बरोबर घेतली होती. बर्फ वितळले की परतायचे, असा हिशेब होता. ज्यांचे हाड बर्फात मुरलेले, त्यांनी पुढचे उन्हाळे जम्मूच्या छावण्यांत तंबूखाली काढले.

खोऱ्यात एक जुनी खोडी आहे. पहिले बर्फ पडले की ते कशात तरी गुंडाळून, भेटवस्तू म्हणून मित्राकडे किंवा व्याह्यांकडे पाठवायचे. त्याने न ओळखता घेतले, तर त्याने मेजवानी द्यायची. पुण्यातल्या माझ्या परिचयाच्या एका पंडित कुटुंबातल्या वृद्ध बाईंना श्रीनगरमधली त्यांची जुनी मुसलमान शेजारीण दर हिवाळ्यात फोन करते. बर्फ पडले, एवढेच सांगते. फोनवरून बर्फ पाठवले तरी मेजवानी लागू होते, असे या बाईंचे म्हणणे आहे. त्या दिवशी त्या हळदीचा पिवळा भात करतात आणि शेजारच्या चार घरी वाटतात.