मुंबई क्रिकेट संघ, रणजी करंडक २०२३–२४

मुंबई क्रिकेट संघाचा २०२३–२४ चा रणजी करंडक हंगाम हा या संघाच्या ४२व्या विजेतेपदाचा हंगाम होय. अजिंक्य रहाणे याच्या नेतृत्वाखाली आणि ओंकार साळवी यांच्या मार्गदर्शनाखाली खेळताना मुंबईने १० ते १४ मार्च २०२४ दरम्यान वानखेडे स्टेडियमवर झालेल्या अंतिम सामन्यात विदर्भाचा १६९ धावांनी पराभव केला. २०१५–१६ नंतर आठ वर्षांनी हा करंडक मुंबईकडे परतला. मुंबईची ओळख परंपरेने वरच्या फळीतील फलंदाजांवरून होते. या हंगामात मात्र निर्णायक क्षणी संघाला अनेकदा तळाच्या फलंदाजांनी आणि गोलंदाजांनी तारले.

पार्श्वभूमी

रणजी करंडक स्पर्धेचा पहिला हंगाम १९३४–३५ मध्ये झाला आणि तिचे पहिले विजेतेपद मुंबईने मिळवले. १९५८–५९ ते १९७२–७३ या काळात मुंबईने सलग पंधरा वेळा करंडक जिंकला. मुंबईच्या संघाला मुंबई शहर व उपनगरांबरोबरच ठाणे, कल्याण, भिवंडी, वसई-विरार आणि पालघर या पट्ट्यातून खेळाडू मिळतात. या हंगामातील तुषार देशपांडे हा कल्याणचा, शार्दूल ठाकूर पालघरचा, तर पृथ्वी शॉ विरारचा आहे.

२०१५–१६ मध्ये पुणे येथे सौराष्ट्राला हरवून मुंबईने ४१वे विजेतेपद मिळवले होते. त्यानंतर २०१६–१७ च्या अंतिम सामन्यात गुजरातकडून आणि २०२१–२२ च्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशकडून संघाला पराभव पत्करावा लागला. २०२२–२३ मध्ये तर मुंबईला बाद फेरीही गाठता आली नाही. त्यामुळे ४२व्या विजेतेपदाची प्रतीक्षा लांबत गेली होती.

२०२४ च्या जानेवारी ते मार्च या काळात भारताची इंग्लंडविरुद्ध पाच कसोटी सामन्यांची मालिका चालू होती. रोहित शर्मा आणि यशस्वी जयस्वाल हे मुंबईकर भारतीय संघात होते, तर सर्फराज खान याने याच मालिकेत राजकोट येथे कसोटी पदार्पण केले. सर्फराजचा धाकटा भाऊ मुशीर खान दक्षिण आफ्रिकेतील १९ वर्षांखालील विश्वचषकात खेळत असल्याने साखळी फेरीनंतरच संघात दाखल झाला.

साखळी फेरी

मुंबईचा समावेश एलिट ब गटात होता. संघाने सातपैकी पाच सामने जिंकले, एक गमावला आणि एक अनिर्णित राखला. ३७ गुणांसह मुंबईने गटात पहिले स्थान मिळवले.

• बिहार (पाटणा): एक डाव व ५१ धावांनी विजय. मोहित अवस्थीने पहिल्या डावात २७ धावांत ६ बळी घेतले. बिहारच्या वैभव सूर्यवंशीने वयाच्या बाराव्या वर्षी याच सामन्यात प्रथम श्रेणी पदार्पण केले.
• आंध्र (मुंबई): १० गडी राखून विजय.
• केरळ (थुंबा): २३२ धावांनी विजय. अवस्थीने पहिल्या डावात ५७ धावांत ७ बळी घेतले. केरळचा दुसरा डाव ९४ धावांत आटोपला.
• उत्तर प्रदेश (मुंबई): २ गडी राखून उत्तर प्रदेश विजयी. शिवम दुबेने दुसऱ्या डावात ११७ धावा केल्या, तरी १९५ धावांचे लक्ष्य पाहुण्यांनी आठ गडी गमावून गाठले. हा मुंबईचा हंगामातील एकमेव पराभव ठरला.
• बंगाल (कोलकाता): एक डाव व ४ धावांनी विजय. अवस्थीने दुसऱ्या डावात ५२ धावांत ७ बळी घेतले.
• छत्तीसगड (रायपूर): अनिर्णित. पृथ्वी शॉ (१५९) आणि भूपेन लालवानी (१०२) यांनी सलामीला २४४ धावांची भागीदारी केली. मुंबईच्या ३५१ धावांना छत्तीसगडने ३५० धावांनी उत्तर दिले. पहिल्या डावातील एका धावेच्या आघाडीमुळे मुंबईला तीन गुण मिळाले.
• आसाम (मुंबई): एक डाव व ८० धावांनी विजय. शार्दूल ठाकूरने २१ धावांत ६ बळी घेतल्याने आसामचा पहिला डाव ८४ धावांत संपला. दुबेच्या नाबाद १२१ धावांनंतर सामना दोनच दिवसांत निकाली निघाला.

उपांत्यपूर्व सामना

बडोद्याविरुद्धचा सामना २३ ते २७ फेब्रुवारी दरम्यान वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर झाला. मुशीर खानच्या नाबाद २०३ धावांच्या बळावर मुंबईने ३८४ धावा केल्या. शाश्वत रावत (१२४) व विष्णू सोळंकी (१३६) यांच्या शतकांमुळे बडोद्याने ३४८ धावांपर्यंत मजल मारली. दुसऱ्या डावात हार्दिक तामोरेने ११४ धावा केल्या. मुंबईचा नववा गडी ३३७ धावांवर बाद झाला.

त्यानंतर दहाव्या क्रमांकावरील तनुष कोटियन (नाबाद १२०) आणि अकराव्या क्रमांकावरील तुषार देशपांडे (१२३) यांनी शेवटच्या गड्यासाठी २३२ धावा जोडल्या. दिल्लीच्या अजय शर्मा व मनिंदर सिंग यांनी १९९१–९२ मध्ये मुंबईविरुद्धच नोंदवलेला या स्पर्धेतील अखेरच्या गड्याच्या भागीदारीचा २३३ धावांचा विक्रम केवळ एका धावेने वाचला. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी एकाच डावात शतके झळकावण्याची प्रथम श्रेणी क्रिकेटमधील ही दुसरी घटना होती. पहिली घटना १९४६ मध्ये ओव्हल मैदानावर भारतीय संघाच्या चंदू सरवटे व शूट बॅनर्जी यांनी सरेविरुद्ध घडवली होती. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील ३६ धावांच्या आघाडीवर मुंबईने उपांत्य फेरी गाठली.

उपांत्य सामना

याच मैदानावर २ मार्चपासून मुंबईची गाठ तामिळनाडूशी पडली. तामिळनाडूचा पहिला डाव १४६ धावांत गुंडाळल्यानंतर मुंबईची अवस्था ७ बाद १०६ अशी झाली. तेथून शार्दूल ठाकूरने तामोरेसह आठव्या गड्यासाठी १०५ आणि कोटियनसह नवव्या गड्यासाठी ७९ धावांची भर घातली. ठाकूरच्या १०९ धावा हे त्याचे प्रथम श्रेणीतील पहिले शतक होते. कोटियन (नाबाद ८९) व देशपांडे यांनी अखेरच्या गड्यासाठी आणखी ८८ धावा जोडून धावसंख्या ३७८ वर नेली. म्हणजे मुंबईच्या शेवटच्या तीन गड्यांनी मिळून २७२ धावांची भर घातली. तामिळनाडूचा दुसरा डाव १६२ धावांत आटोपला आणि तिसऱ्या दिवशीच मुंबईने एक डाव व ७० धावांनी विजय मिळवला.

अंतिम सामना

मुंबईचा हा ४८वा अंतिम सामना होता. १९७०–७१ मध्ये मुंबई व महाराष्ट्र यांच्यात झालेल्या अंतिम सामन्यानंतर प्रथमच महाराष्ट्र राज्यातील दोन संघ विजेतेपदासाठी समोरासमोर आले. पहिल्या दिवशी बिनबाद ८१ वरून मुंबईचा डाव ६ बाद १११ असा कोसळला. ठाकूरच्या ६९ चेंडूंतील ७५ धावांमुळे मुंबईला २२४ पर्यंत पोहोचता आले. धवल कुलकर्णी, शम्स मुलाणी आणि कोटियन यांनी प्रत्येकी तीन बळी घेत विदर्भाला १०५ धावांत रोखले.

दुसऱ्या डावात मुशीर खान (१३६), श्रेयस अय्यर (९५) आणि रहाणे (७३) यांनी मुंबईला ४१८ धावांपर्यंत नेले. रणजी अंतिम सामन्यात शतक करणारा मुशीर हा मुंबईचा सर्वांत तरुण फलंदाज ठरला. हा मान यापूर्वी सचिन तेंडुलकरकडे होता.

विजयासाठी ५३८ धावांची गरज असताना विदर्भाने चौथ्या दिवसअखेर ५ बाद २४८ अशी मजल मारली. पाचव्या दिवशी कर्णधार अक्षय वाडकर (१०२) आणि हर्ष दुबे (६५) यांनी उपाहारापर्यंत एकही गडी पडू दिला नाही. त्यांची १३० धावांची भागीदारी कोटियनने वाडकरला पायचीत करून फोडली आणि शेवटचे पाच गडी अवघ्या १५ धावांत बाद झाले. विदर्भाचा डाव ३६८ वर संपला. कारकिर्दीतील शेवटचा सामना खेळणाऱ्या धवल कुलकर्णीच्या हाती रहाणेने चेंडू दिला आणि त्यानेच उमेश यादवला त्रिफळाचीत करून विजयावर शिक्कामोर्तब केले.

वैयक्तिक कामगिरी

मुशीर खान अंतिम सामन्याचा, तर ५०२ धावा व २९ बळी अशी अष्टपैलू कामगिरी करणारा तनुष कोटियन स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. मुशीरने बाद फेरीतील तीनच सामन्यांत ४३३ धावा केल्या. मोहित अवस्थीने हंगामात ३५ बळी घेतले. कर्णधार रहाणेला साखळी फेरीत सूर गवसला नव्हता. आंध्र आणि केरळविरुद्ध तो पहिल्याच चेंडूवर बाद झाला होता.

पुढील काळ

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडून विजेत्या संघाला पाच कोटी रुपयांचे पारितोषिक मिळाले आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनने तेवढ्याच रकमेची त्यात भर घातली. ऑक्टोबर २०२४ मध्ये लखनौ येथे शेष भारत संघाविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीच्या जोरावर मुंबईने २७ वर्षांनी इराणी करंडकही जिंकला. २०२४–२५ च्या रणजी हंगामात मात्र नागपूर येथील उपांत्य सामन्यात विदर्भाने मुंबईला ८० धावांनी हरवले आणि पुढे करंडकही आपल्या नावावर केला.