ट्रॅकवर मोटार चालवताना हेल्मेट कोणते घ्यावे?

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे जाताना वाटेत प्रतापगडाचा फाटा लागतो. १६५९ च्या नोव्हेंबरात अफझलखानाच्या भेटीस निघताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत व मंदिलाखाली लोखंडी टोप घातला होता, आणि मस्तकावर आलेला वार त्या टोपाने झेलला, असे बखरकार सांगतात. घाव कोणता आणि कोठून येईल हे आधी ओळखून केलेली ती निवड होती. शिरस्त्राण निवडण्याचा निकष आजही तोच आहे. फरक इतकाच की तलवारीची जागा आता मोटारीतील लोखंडी पिंजऱ्याने आणि पेट्रोलच्या आगीने घेतली आहे.

महाड-पोलादपूर परिसरातील मोटारवेड्या तरुणांना कशेडी, वरंध आणि आंबेनळी या घाटांची वळणे खुणावतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ज्या वळणापलीकडून एसटी किंवा रसायनांचा टँकर येऊ शकतो, तेथे वेगाची हौस भागवणे हा गुन्हाच होय. ही हौस बंदिस्त ट्रॅकवरच भागवावी. या दोन तालुक्यांत तसा ट्रॅक नाही. कोल्हापूरचा मोहिते ट्रॅक राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धांमुळे परिचित आहे. मोठ्या मोटारींसाठी कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅक गाठावा लागतो. इतक्या दूर निघालेला हौशी चालक बहुधा घरातल्या खुंटीवरचे दुचाकीचे हेल्मेट सोबत घेतो. चूक येथेच होते.

दुचाकीस्वार अपघातात वाहनापासून दूर फेकला जातो व त्याचे डोके रस्त्यावर किंवा दगडावर आपटते. आपल्याकडील आयएस ४१५१ हे मानक दुचाकीस्वारांसाठीच आहे. मोटारीतील चालकाची गोष्ट निराळी. तो पट्ट्याने आसनाशी जखडलेला असतो. गाडी उलटली तर त्याचे डोके संरक्षक पिंजऱ्याच्या त्याच नळीवर पुन:पुन्हा आदळू शकते, आणि आग लागल्यास तो चटकन बाहेर पडू शकत नाही. म्हणून मोटारशर्यतीच्या हेल्मेटला दोन कसोट्या अधिक द्याव्या लागतात: पिंजऱ्याच्या नळीसारख्या वस्तूवरील वारंवार आघात आणि प्रत्यक्ष ज्वाला.

या कसोट्यांमागे एका मृत्यूचा इतिहास आहे. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातील एका शर्यतीत पीट स्नेल हा हौशी चालक दगावला. त्याचे हेल्मेट त्याला वाचवू शकले नव्हते. १९५७ मध्ये त्याच्या मित्रांनी व सहकाऱ्यांनी त्याच्या नावाने प्रतिष्ठान काढले आणि हेल्मेटांच्या चाचण्यांना शास्त्रीय पाया दिला. आज हेल्मेटच्या अस्तराखाली चिकटवलेली ‘स्नेल’ची चिठ्ठी जगभर मानली जाते. त्या चिठ्ठीवर ‘एम’ असेल तर ते हेल्मेट मोटारसायकलसाठी, ‘के’ असेल तर कार्टिंगसाठी आणि ‘एसए’ असेल तर मोटारशर्यतीसाठी, असे समजावे. ‘एम’ व ‘के’ या प्रकारांना ज्वालेची चाचणी नसते. पुढील आकडा मानकाचे वर्ष दर्शवतो. ‘एसए २०२०’ नंतर आता ‘एसए २०२५’ आले आहे. ‘एफआयए’ या जागतिक संघटनेची ८८५९ व ८८६० ही मानकेही ग्राह्य धरली जातात. आपल्या देशातील स्पर्धांचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्‌स क्लब्ज ऑफ इंडिया करते. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी आयोजकांच्या नियमपत्रिकेत कोणत्या वर्षापर्यंतची मानके मान्य आहेत, हे पाहावे. जुन्या वर्षाचे हेल्मेट स्वस्तात मिळाले आणि प्रवेशद्वाराशीच नाकारले गेले, तर कोइमतूरहून हात हलवीत परतावे लागेल.

मानक ठरले की माप. येथे घाई करू नये. भुवयांच्या वर सुमारे एक इंच, कानांच्या वरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून टेप फिरवून घेर मोजावा व कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावा. तक्ता केवळ आरंभ सांगतो. डोके गोल की लांबट, हे त्यात नसते. हेल्मेट घातल्यावर गाल किंचित आत दाबले गेले पाहिजेत. हनुवटीचा पट्टा बांधून हेल्मेट हाताने डावी-उजवीकडे फिरवावे. कपाळाची कातडी त्याबरोबर सरकली तर माप योग्य, हेल्मेट एकटेच फिरले तर सैल. नंतर मागची कडा धरून ते पुढे ओढावे. ते निघून येता कामा नये. मग पंधरा-वीस मिनिटे डोक्यावर ठेवावे. कपाळावर एकाच ठिकाणी दुखू लागले तर त्या कंपनीचा आकार आपल्या डोक्याचा नव्हे. ‘थोडे मोठे असू दे, पुढे बसेल’ हा शाळेच्या गणवेशाचा न्याय येथे लावू नये, कारण आतील गादी वापराने दबते आणि हेल्मेट सैलच होत जाते. इंटरनेटवरून मागवण्यापेक्षा मुंबई-पुण्याची एक फेरी पत्करावी, असे आमचे मत आहे.

वजनाकडेही लक्ष द्यावे. दीड किलोचे हेल्मेट गुरुत्वाकर्षणाच्या तीसपट धक्क्यात मानेला पंचेचाळीस किलोंच्या जोराने ओढते, आणि मस्तकाचा भार त्याहून वेगळा. लहान मुलांच्या कार्टिंगसाठी हलक्या हेल्मेटांचे स्वतंत्र मानक याच कारणाने झाले. मोठ्याचे हेल्मेट मुलाला घालू नये. २००१ मध्ये अमेरिकेतील डेटोना येथे डेल अर्नहार्ट हा नामांकित चालक कवटीच्या तळाच्या अस्थिभंगाने मरण पावला. त्यानंतर ‘हान्स’ या मान सांभाळणाऱ्या साधनाचा प्रसार वेगाने झाला. २००३ पासून फॉर्म्युला वनमध्ये ते सक्तीचे आहे. ‘एसए’ हेल्मेटला ते जोडण्याची सोय असते. मात्र ‘हान्स’ खांद्यांवरील शर्यतीच्या पट्ट्यांखालीच काम करते. घरच्या मोटारीतील साध्या तीनबिंदू पट्ट्याबरोबर ते घालून उपयोग नाही. केवळ त्यासाठी पिंजरा नसलेल्या गाडीत शर्यतीचे पट्टे बसवणे तर अधिकच धोक्याचे, कारण छत दबले तरी चालकाचे शरीर ताठ जखडलेले राहते.

पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेटच घ्यावे. कवच फायबरग्लासचे असले तरी चालते. कार्बनच्या कवचाने वजन थोडे घटते आणि किंमत पुष्कळ वाढते.

आता कोकणातील पावसाळ्याविषयी. महाड-पोलादपुरात चार महिने भिंतींनाही ओल असते. कपाटात बंद ठेवलेल्या हेल्मेटच्या अस्तराला बुरशी धरतेच. सुटे होणारे अस्तर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत पूर्ण वाळवावे आणि हेल्मेट हवेशीर जागी टांगावे. आघात शोषणारा आतला थर थर्माकोलच्या जातीचा असतो. पेट्रोल, थिनर किंवा तत्सम द्रावकांनी तो विरघळतो, म्हणून गॅरेजातील फडक्याने हेल्मेट पुसू नये. कवचावर हौसेने स्प्रे रंगही मारू नये. एकदा जोराचा आघात बसला की हा थर दबून निकामी होतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. वापरलेले हेल्मेट विकत घेऊ नये ते याचसाठी. आघात झाला नसला तरी पाच वर्षांच्या वापरानंतर ते बदलावे, अशी स्नेल प्रतिष्ठानची शिफारस आहे.

इतके महाग हेल्मेट घेतल्यावर तेच दुचाकीवरही वापरावे, असा मोह होईल. परंतु ‘एसए’ मानकात डोळ्यांसमोरील खिडकी अरुंद असण्यास मुभा आहे. मोटारीत आरसे असतात. महामार्गावर दुचाकीस्वाराला मात्र बाजूने येणारा ट्रक डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसावा लागतो. शिवाय त्यावर आयएसआय चिन्ह नसल्यास पोलिसांसमोरही ते चालणार नाही. महाडहून पोलादपूरला दुचाकीने जाताना खुंटीवरचे जुने हेल्मेटच डोक्यावर घालावे.